पाठ डोंगराला

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा एक पोस्टाचा कारकून शिमल्याच्या पुढे कुफरीच्या बर्फात एका दुपारी अकरा वेळा उताणा पडला. बाराव्यांदाही पडला असता, पण अकराव्यांदा तो उठलाच नाही. तो कारकून मी. या घटनेची सरकारदरबारी नोंद नाही, म्हणून इथे करतो आहे.

मी तिथे गेलो तो अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते फौजेत होते. काश्मीरच्या एका चौकीवर दोन हिवाळे काढताना तिथल्या साहेबाने त्यांना पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवलं होतं. ही गोष्ट सांगताना ते पडवीतच गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे धरून उभे राहायचे. मला ती नाटकापेक्षा जास्त आवडायची.

आमच्या बौद्धवाडीने बर्फ पाहिला होता तो महाडच्या बाजारात. भुशात पुरलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. बर्फाचा डोंगर म्हणजे लाद्यांवर लाद्या, एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं. एकदा पडवी भरलेली असताना माझे थोरले चुलते म्हणाले, "काय हो सुभेदार, त्या लादीवर माशी बसली तरी घसरते. तुमी उभं कसं ऱ्हायलात?"

"फळ्यांवर," अण्णा म्हणाले.

"आन् डोंगर इतळला नाय?"

"नाय."

"मग एवढा भुसा कोन टाकीत व्हता?"

पडवी हसली. अण्णाही हसले, पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. वाडी मात्र विसरली नाही. कोणी थाप मारली की लोक म्हणत, "टाक भुसा." वाडीच्या बैठकीत विहिरीबद्दल, रस्त्याबद्दल काही सांगायला अण्णा उभे राहिले की मागून हळूच आवाज यायचा, "भुसा." मग अण्णा बोलणं तिथेच सोडून खाली बसत. ज्याने आयुष्यात कोणाला फसवलं नाही, त्याच्या शब्दाची ही किंमत झाली.

त्यांची बाजू घेऊन भांडणारा मी एकटा. शाळेत या भुशापायी मी दोन सदरे फाडून घेतले. अण्णांना ते ठाऊक होतं. एकदा माझ्या डोक्यावरचा गवताचा भारा उतरवून घेताना ते म्हणाले, "तुझा इश्वास हाय ना रे? मग बास झालं."

पुढे मी महाडच्या पोस्टात लागलो. रजेच्या प्रवासाची सवलत मिळाली तेव्हा बायको म्हणाली, "मला थंडी सोसत नाही. अण्णांचे गुडघे शाबूत आहेत तोवर त्यांना न्या." तिसऱ्या दिवशी अण्णांनी ट्रंकेतली फौजेची कानटोपी काढून उन्हात टाकली.

कुफरीला पोचल्यावर पहिल्यांदा कळलं, की बर्फाला आवाज नसतो. एवढा मोठा डोंगर, पण देवळात चपला काढून आल्यासारखा गप्प. आणि घसरण्यातलं सुख म्हणावं तर खरंच सुख. पाय हलत नाहीत आणि जमीन आपली आपण मागे जाते. पण ते वीस-पंचवीस हातच. एरवी भाड्याचे बूट आतून ओले, एकेक बूट भरल्या कळशीएवढा जड. क्षणभर घसरायचं, मग फळ्या खांद्यावर टाकून घामाघूम होत पुन्हा वर चढायचं. आमच्या बायाबापड्या डोंगरातून भारे वाहतात, पण निदान त्यांच्या भाऱ्याने गुरांचं पोट भरतं.

शिकवणारा पहाडी तरुण खालून ओरडायचा, "आगे झुको, बाबूजी, आगे!" आता हे मला कसं जमावं? आमच्या डोंगरातलं गवत दिवाळीनंतर वाळलं की तेल ओतल्यासारखं निसरडं होतं. लहानपणीच अण्णांनी शिकवलं होतं, "पाठ डोंगराला, टाच मातीत. दरीकडं झुकलास की गेलास." डोक्यावर भारा घेऊन मी वर्षानुवर्षं तसाच उतरलो. फळ्यांवर उभा राहिलो की डोकं ऐकायचं त्या पोराचं आणि पाठ ऐकायची अण्णांचं. मी उताणा.

अकराव्यांदा पडलो तेव्हा तसाच आभाळाकडे बघत राहिलो. मनात आलं, हा नियम ज्यांनी शिकवला, ते स्वतः दरीकडे झुकले असतील?

तेवढ्यात वर अण्णांचं तोंड दिसलं. हातातला चहाचा पेला बाकावर ठेवून ते आले होते.

"ऊठ. बूट काढ."

"अण्णा, थंडी वाढलीय. परत जाऊ या. गुडघे दुखतील."

ते माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "काढ म्हणतो ना."

मी बूट काढून दिले. फळ्या बांधून अण्णा उभे राहिले, तसा वर आलेल्या त्या पोराने आधाराला त्यांचा दंड धरला. अण्णांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. कानटोपी खाली ओढली. गुडघे वाकवले, हात पुढे धरले, अगदी पडवीत धरायचे तसे. आणि माझ्या बापाने छाती दरीकडे झुकवली.

ते गेले. पडले नाहीत, डगमगले नाहीत. पांढऱ्या उतारावर दोन सरळ रेघा उमटत गेल्या. तळाशी त्यांनी फळ्या तिरक्या केल्या आणि थांबले. वर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी तिकडे पाहिलंही नाही. मागे वळून, मान वर करून, ते त्या गर्दीत मला शोधत होते.

मी नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं. टाळी वाजवली असती, शिट्टी मारली असती. तिथे मराठी समजणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो,

"अण्णा! म्हणजे ते खरंच होतं!"