भिंतीकडे तोंड केलेला कूलर

धामणगाव बढ्यातलं निम्मं गाव कोकिळाबाईंच्या पायांवर न्हालेलं आहे. मिशांना पीळ देत फिरणारे गडी त्या समोरून आल्या की मान खाली घालतात, कारण बाई चारचौघांत कुणाच्या लहानपणाचं काय सांगून मोकळ्या होतील याचा नेम नाही. बाळाला तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला शेक द्यायचा, तिचे कान बांधायचे आणि खोली गच्च बंद करायची, यात त्यांचा जन्म गेला. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा त्यांचा कायदा. त्यापुढे डॉक्टरचंही काही चालत नसे.

हा कायदा कोकिळाबाई मातीच्या घरात शिकल्या होत्या. हातभर जाड भिंती, वर मातीचं धाबं. बाहेरचं ऊन ती भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. भर वैशाखातही आत पाऊल टाकलं की जीव निवायचा. ते घर पाडून त्यांच्या मुलानं, प्रसेनजितनं, घरकुल बांधलं. पातळ भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. आपल्या डोक्यावर स्लॅब आला याचा कोकिळाबाईंना कोण अभिमान! लेक धम्मशीला पहिल्या बाळंतपणाला आली ती याच घरात, ऐन मे महिन्यात. मुलगी झाली.

प्रसेनजितनं बहिणीसाठी कूलर आणला आणि घरात वाजलं.

"माय, गरमी किती होऊन राह्यली पाय. लावू दे नं," तो म्हणाला.

"अन् वारा लागला तं? जन्माचं दुखणं लावतं काय तिले?"

शेवटी तोडगा निघाला, आणि असला तोडगा आपल्याच माणसांना सुचू जाणे. कूलर खोलीत ठेवायचा, पण भिंतीकडे तोंड करून. खिडकी बंद, दाराखालच्या फटीत चिंध्या. गारवाही राहील आणि वाराही लागणार नाही. कोकिळाबाईंना ही युक्ती फारच आवडली. पण कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओली हवा जायला वाट लागते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बिचारा कूलर तीच ती हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसला. वरून स्लॅब तापत राहिला. खोलीचं पार मोदकपात्र झालं.

दिवस कलताना धम्मशीलाची हाक आली. "माय, पोरगी दूध नाई घेऊन राह्यली वं. डोये बी नाई उघडत."

कोकिळाबाई आत धावल्या. दुपट्यात, टोपड्यात, वर गोधडीत गुंडाळलेली नात त्यांनी उचलली, तर तिची मान एका बाजूला लुळी पडली. अंग लालबुंद. पोटाला हात लावला, चटका बसावा इतकं गरम. पायाला लावला, पायही तसेच. ताप आलेल्या लेकराचं पोट तापतं आणि पाय गार पडतात, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. हा ताप नव्हता. मग काय होतं? एवढी बाळं हाताखालून गेली, असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधाराला भिंतीला पाठ टेकली आणि दचकून त्या पुढे सरल्या. ऊन केव्हाच उतरलं होतं, तरी भिंत भाजत होती. त्यांनी वर पाहिलं. वरूनही धग उतरत होती. स्लॅबनं दिवसभर ऊन पोटात घेतलं होतं, आता तो ते खाली सोडत होता. आणि खाली त्यांनी स्वतःच्या हातांनी एक फटसुद्धा ठेवली नव्हती.

पायानं चिंध्या उडवत त्या पोरीला घेऊन अंगणात धावल्या, निंबाखाली, भर वाऱ्यात.

"माय, वारा!" धम्मशीला मागून किंचाळली.

"लागू दे वारा!"

गोधडी काढली, टोपडं काढलं, दुपटं काढलं. पदर ओला करून पिळला आणि पोरीचं अंग पुसत राहिल्या. लेक रडत होती, आणि नात काही हलत नव्हती. केवढा वेळ तो! मग एक पाय हलला. बारीकसं कण्हणं आलं, मग रडणं, आणि धम्मशीलानं छातीशी धरल्यावर तिनं कसंबसं दूध ओढलं.

तोवर प्रसेनजित ऑटो घेऊन आला. डॉक्टरला दाखवायलाच हवं होतं. कोकिळाबाईंनी ऑटोत एक पाय ठेवला आणि त्या थिजल्या. सकाळी पलीकडच्या गल्लीत त्यांनी बाळंतीण अश्विनीच्या पोराला न्हाऊ घातलं होतं. त्या घरावर तर पत्रेच. तिथली खिडकी त्यांनी स्वतः लावली होती, आणि कूलरची युक्तीही मोठ्या कौतुकानं सांगितली होती.

"तुमी व्हा पुढं," असं म्हणून त्या उतरल्या आणि पळत सुटल्या. या वयात, चप्पल न घालता. लोक बघत राहिले.

अश्विनीची सासू रुक्मिणीबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिच्यामागं बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद होतं. बाईंना पाहून ती कौतुकानं हसली.

"या कोकिळाबाई. तुमी सांगतलं तसंच केलं बरं. कूलर भिंतीकडं, अन् फट बी नाई ठेवली कुठं. पोरगं पाहा कसं गुणाचं, दुपारपासून एकदा बी रडलं नाई."

कोकिळाबाईंनी तिला बाजूला सारलं आणि दाराला खांदा लावला.