गोदामाच्या भिंतीवर निवडलेले दिवे

नबीलाल शेख सध्या दौंडला एका खडीवाल्याचा ट्रक चालवतो. त्याआधी सात वर्षं तो मांडवगण फराट्याच्या सोसायटीचा ड्रायव्हर होता. ती नोकरी का सोडली, असं विचारलं की तो आधी थुंकतो आणि मग सांगतो.

सोसायटीचा ट्रक गूळ आणि कांदा घेऊन पहाटे न्हावऱ्याच्या रस्त्याने निघे. पोत्यांवर आठ-दहा माणसं बसलेली असत. अशी माणसं नेऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती सोसायटीच्या पंचांच्याच घरची असल्यामुळे त्यांना उतरवायची सोय नव्हती. पौषात भीमेकाठी धुकं इतकं दाटे की बॉनेटपुढचं दिसत नसे. १९६२ च्या हिवाळ्यात एका उसाच्या गाडीपासून हातभर अंतरावर त्याचा ब्रेक लागला. त्याच दिवशी त्याने चेअरमन हौसरावांना सांगितलं, धुक्याचे दिवे बसवा, नाहीतर वरची माणसं एक दिवस माझ्या हातून मरतील.

हौसराव लगेच तयार झाले. दोघे पुण्याला गेले. दुकानदाराने दोन जोड दाखवले. एक पिवळ्या काचेचा, बेताच्या आकाराचा. त्याचा उजेड रुंद आणि चपटा पडे. तो बंपरखाली बसवला की धुक्याच्या बुडातून रस्त्याची कड दिसते. दुसरा पांढऱ्या काचेचा, परातीएवढा, मोकळ्या सडकेवर लांब उजेड फेकणारा. नबीलालने पिवळा उचलला. पंचांना दाखवल्याशिवाय घेता येत नाही, असं हौसराव म्हणाले, म्हणून न आवडलेला परत करायच्या बोलीवर दोन्ही जोड गावी आले.

निवड झाली ती अशी. संध्याकाळी गोदामाच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर ट्रक उभा केला. पंचांसाठी बाजा टाकल्या, चहा आला. आधी पिवळे दिवे लावले. भिंतीच्या पायाशी मळकट पट्टा पडला. गाडीला कावीळ झाली, असं एक पंच म्हणाला. मग पांढरे लावले. भिंत डोळे दिपतील अशी उजळली आणि दोन पंच उठून त्यात हाताच्या सावल्या पाडू लागले.

"ही भिंत चमकतीया ना, तसंच धुकं चमकंल," नबीलाल म्हणाला. "उजेड म्होरं जायाचा न्हाई, आबा. माझ्याच डोळ्यात येईल."

"खाली दिवा बैलगाडीला बांधत्यात," हौसराव म्हणाले. "ह्यो ट्रक हाय. शेजारच्या कवठ्याच्या लोकांनी लांबनं वळखला पायजे."

"कवठ्याच्या लोकांचं जाऊ द्या. मला रस्ता दिसाया पायजे."

सगळे हसले आणि ठराव एकमताने झाला. पांढरे दिवे केबिनच्या टपावर चढले. त्यांच्या मधोमध पाटी लागली. तिच्यावर हौसरावांचं नाव सोसायटीच्या नावापेक्षा मोठं होतं.

पंधरा दिवसांनी हौसराव केबिनमध्ये बसून निघाले. शिरूरला दहाची सभा होती. न्हावऱ्याच्या अलीकडे धुकं लागलं. दिवे लाव, बसवलेत कशाला, असा त्यांचा हुकूम झाला. नबीलालने आधी ट्रक थांबवला, मग दिवे लावले. चहूकडे पांढरंफेक झालं, बॉनेटसुद्धा दिसेना. नबीलालने दिवे विझवले आणि धुकं उठेपर्यंत थांबतो म्हणाला. पण हौसरावांना सभा चुकवायची नव्हती.

"मग बॅटरी घ्या आन् म्होरं चाला, आबा. तुमच्या मागनं आणतो."

हौसराव उतरले. पोत्यांवरून त्यांची चुलती सोजराबाई ओरडली, "हौशा, कड बघून चाल. चारीत गेलास तर ह्यो बी मागनं यील." अर्धा मैल ते चालले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

आता पिवळे दिवे येतील, असं नबीलालने धरलं होतं. महिन्याभराने सोसायटीची वार्षिक सभा झाली. ड्रायव्हरने हातपाय गाळले तेव्हा आपण स्वतः तीन मैल पुढे चालून दहा जीव वाचवले, असं हौसरावांनी सभेला सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी पोत्यांवर बसलेले चार जण समोरच होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. मग टपावर आणखी दोन पांढरे दिवे लावायचा ठराव आला आणि मंजूर झाला.

नबीलालने उठून किल्ली टेबलावर ठेवली.

"पगार वाढवून पायजे व्हय?" हौसरावांनी विचारलं.

"न्हाई. तुमच्या माणसांला मारणारा दुसरा बघा."

पुढच्या सोमवारी तो न्हावऱ्याला एसटीची वाट बघत उभा होता. धुकं नव्हतं. सोसायटीचा ट्रक समोरून गेला, चारही दिवे उन्हात जळत होते. पोत्यांवर अकरा माणसं होती. दोघांनी त्याला हात केला.