वृक्काकार पान

परवा पार्लरमधल्या बाईनं डोक्यावर ब्राह्मीचं तेल ओतलं आणि त्या हिरवट वासासरशी मला अकरावीचा वनस्पतीशास्त्राचा तास आठवला. चित्र काढायला सरांनी प्रत्येकाला ब्राह्मीचं एकेक पान दिलं, ‘हा आकार वृक्काकार’ म्हणाले आणि विचारलं, वृक्क म्हणजे काय? गोलसर, देठापाशी खाच पडलेला तो आकार मी आमच्या गावी, जवळा बाजारला, अब्बांच्या मटणाच्या दुकानात रोज बघायची, फक्त तिथं तो लाल असायचा. ‘बकऱ्याचा गुर्दा, सर,’ मी म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. उत्तर बरोबर होतं, तरी सरांनी नाकाला रुमाल लावला. ‘मूत्रपिंड म्हणावं. ही प्रयोगशाळा आहे, तुझ्या बापाचं दुकान न्हाई. चल, बाहेर हो!’ तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात फिनेलच्या वासात उभी होते, पान मुठीत चुरगळत. त्याच रविवारी सर आमच्या दुकानात आले. मी आतल्या दारात उभी आहे हे त्यांना दिसलं नाही. ‘मामू, चार गुर्दे टाका, ताजे बघून,’ ते अब्बांना म्हणाले. मूत्रपिंड म्हणाले नाहीत. मी वहीत जपून ठेवलेलं ते चुरगळलेलं पान काढलं, पुढं येऊन त्यांच्या पिशवीत वरच ठेवलं आणि म्हणाले, ‘घ्या सर, तुमचे वृक्क.’ पिशवीचं तोंड आवळून ते मागं न बघता गेले. माफी त्यांनी कधी मागितली नाही. मागितली असती तरी मी केलं नसतं माफ, आजही करणार नाही.