वखारीच्या आगीची नोंद

गावात आगीचा बंब आला, पण तो चालवायला माणूस नव्हता. मग पाण्याच्या टँकरवरच्या ड्रायव्हरलाच त्यावर बसवलं. पुढची चौतीस वर्षं लोक त्यांना बंबवाले म्हणूनच ओळखत. जेवायला उशीर झाला की बायको शेजारणीला सांगायची, "आमचा बंब अजून यायचाय."

तेव्हा दल म्हणजे चार माणसं, एक कारकून, पत्र्याची शेड आणि टेलिफोन; वर हुकूम कचेरीतल्या साहेबांचा. गाडी चालवणं आणि टाकी भरलेली ठेवणं, दोन्ही कामं बंबवाल्यांची. दुसऱ्याच वर्षी भर दुपारी लाकडाची वखार पेटली. पाच मिनिटांत ते पोचले, नळी जोडली, तर टाकीत खडखडाट. विहिरीचं पाणी आणेपर्यंत वखारीचा कोळसा झाला. जीव कुणाचा गेला नाही, कुणी बोटही दाखवलं नाही. पण आपणच टाकी भरायला विसरलो, हे त्यांच्या मनात घर करून बसलं. त्यानंतर रोज दोनदा ते शिडीवरून चढून टाकीत हात घालून पाहत, अगदी सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

ते निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी दलाचा इतिहास लिहायचं काम त्यांच्या मुलीकडे आलं; ती शाळेत शिक्षिका होती. जुन्या नोंदवह्या तिने घरी आणल्या. बाबा हौसेने शेजारी बसत, पण वखारीच्या आगीचं वर्ष निघालं की काहीतरी कारण काढून उठत.

एका सकाळी तिने त्यांना हाक मारली आणि आगीच्या दिवसाचं पान पुढे केलं. सात वाजता टाकी भरली. खाली त्यांचीच सही. त्याखाली कारकुनाच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: साहेबांच्या हुकमावरून अकरा वाजता टाकीचे पाणी कचेरीच्या बागेला दिले. त्या वेळी बंबवाले गाडीचा पट्टा आणायला बाजारात गेले होते. कारकून पुढच्याच महिन्यात बदलून गेला, आणि हे पान पुन्हा उघडायची बंबवाल्यांना कधी हिंमतच झाली नव्हती.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं.

"म्हणजे मी भरली होती."

"भरली होती, बाबा."

ते चिडतील अशी मुलीला भीती वाटली. पण त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि हसू लागले. "साहेबांचे गुलाब मात्र त्या वर्षी चांगले फुलले असतील," ते म्हणाले.

साहेब केव्हाच वारले होते, म्हणून त्यांचं नाव छापू नकोस, असं त्यांनी तिला बजावलं. त्या दिवशी वखारीशेजारचं तेलाचं दुकान ओल्या गोणपाटांनी वाचवणारे तिघे कोण, ते मात्र त्यांनी एकेक करून सांगितलं, आणि ती लिहून घेईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.