नव्या प्लायखालचा गाळ

मंडळी, आज अक्षरशः किळस आली.

भूकंपानंतर बायकोचं एकच म्हणणं आहे, आपल्याला झोपता येईल असं चाकांवरचं घर हवं. म्हणून जुना, पेटीसारखा बंद मालवाहू ट्रेलर घेऊन त्याचा कॅम्पर करायचं ठरवलं. एक ट्रेलर बघायला आज सकाळी आम्ही टोकियोतल्या एदोगावाहून दीड तास ट्रेनने गेलो. विकणारा आपलाच, मराठी.

बाहेरून नवा रंग, आत नवं प्लाय. पण दार उघडताच कुबट वास आला. आमच्या आठ वर्षांच्या सईने कोपऱ्यातलं सुटलेलं प्लाय उचललं. खाली वाळलेला काळा गाळ आणि शिंपल्यांचे तुकडे.

"बाबा, हे त्सुनामीचं आहे?"

तो गृहस्थ हसला. "अहो, धुऊन घ्या की. जपानी लोक असला माल घेत नाहीत, म्हणून तर आपल्या माणसांसाठी ठेवलाय."

बायकोने विचारलं, "तुमच्या मुलांना झोपवाल यात?" तो फोन बघत बसला. आम्ही तसेच परतलो. सई ट्रेनमध्ये सारखी हात पुसत होती.

आणि ट्रेलर विकणारे साहेब, तुम्हीही याच ग्रुपवर आहात, म्हणजे हे वाचालच. उद्या दुसरं कुटुंब ट्रेलर बघायला येणार आहे म्हणालात. त्यांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?