सोय लावू नका

"तिला इचारा की!" असं म्हणत ती टेबलाजवळची एक खुर्ची उचलून भिंतीला लावायची आणि त्या जागी आपल्या मुलीची व्हीलचेअर आणून उभी करायची. मीटिंग कुणाचीही असो.

कुवेतमध्ये मंगफला अपंग मुलामुलींचं एक सेंटर आहे, तिथे मी कोऑर्डिनेटर. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली पहिली मीच, आणि हे मी सांगतेच. ही बाई रत्नागिरीकडची, राहायला खैतानला; मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. नवरा अम्गराच्या वर्कशॉपांत वेल्डर. मुलगी विशीतली, डोक्याने तल्लख, पण एकेक शब्द तिला घशातून ओढून काढावा लागायचा.

सेंटरच्या गाडीत पुरुष मदतनीस मुलांना उचलून बसवायचे. एके दिवशी मुलगी यायची थांबली. तरी गाडी रोज त्यांच्या बिल्डिंगखाली थांबायची, आणि बाई खिडकीतून हात हलवायची. जा पुढे.

पालकांच्या मीटिंगला मात्र दोघी टॅक्सी करून आल्या. खुर्ची भिंतीला गेली. मी सुरुवात केली, "तुमच्या मुलांची आम्ही नीट सोय लावतोय..."

"अगो बाय, थांब. सोय लावतात ती भाकड म्हशीची. आमची सोय बघ, लावू नको."

पालक हसले. मला राग आला. माझं मराठी काही कच्चं नाही. पण तो शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघालेला नाही, हेही खरं.

मॅनेजरना घाई होती. "मम्मीजी, आप ही बता दीजिए, प्रॉब्लेम क्या है."

"मेरे को क्या पूछता है? गाडी में मैं बैठनेवाली है?"

मग मुलीला विचारलं, आणि थांबलो. अशी शांतता तुम्हीही कधी सोसली असेल. कुणी घड्याळ बघतं, कुणी पाय हलवतं. तिचं वाक्य पुरं करायला माझी जीभ वळवळत होती. बाईने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"मी... गोणी... नाय." पुन्हा थांबली. "उचलायला... बाई हवी. आनि... रॅम्प."

बाई बघतच राहिली. बाहेर पडताना मला म्हणाली, "घरात किती इचारलं, बोलली नाय. टेबलाशी बसवली, तवा बोलली."

पुढे तिचा फोन यायचाच. "गाडीचं काय झालं, बाय?"

"बोलतायत, खाला."

"बोलतायत! माझी पोर घरात कोंडलीय नि हे बोलतायत."

मॅनेजरच्या दारात माझ्या फेऱ्या चालू राहिल्या. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचं काम सुटलं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला, आणि तिघं गावी गेली.

मग गाडीला रॅम्प लागला. मदतनीस बाई आली. पहिल्या सकाळी मला राहवेना, मीही गाडीत बसले. खैतानला ड्रायव्हरने सवयीने त्याच बिल्डिंगखाली गाडी थांबवली. रॅम्प खडखडत फुटपाथला टेकला. नवी बाई खाली उतरली, ओढणी खोचून तयार उभी राहिली.

"किधर है बच्ची?"

मी वर पाहिलं. पुढे जा म्हणायला खिडकीत कुणी नव्हतं.