एका इंजिनावर, दिल्ली ते उमरठ

स्वस्त विमानप्रवासाची जाहिरात सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पाहिली आणि आमचं सिमला ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी महाडच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालताना एक कावळा माझ्या डोक्याला पंख लावून गेला. आईचा चेहरा उतरला. कावळा शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकांना कळवायची. ते रडले की खरं संकट टळतं, असं आमच्याकडे मानतात.

"उमरठला वन्संना निरोप धाडते," आई म्हणाली. वन्सं म्हणजे माझी आत्या.

"तिचं हृदय अधू आहे. अजिबात नाही!" मी दटावलं.

सिमला छान. हॉटेल मात्र मॉल रोडजवळच घ्या, नाहीतर चढाने गुडघे बोलू लागतात. दिल्लीत छोले-कुलचे चुकवू नका.

परतीचं विमान मुंबईत उतरत होतं. चाकं बाहेर आल्याचा खडखडाट झाला, खाली घरांचे पत्रे दिसू लागले आणि डावीकडे धाडकन आवाज झाला. विमान थरथरलं आणि उतरायचं सोडून परत वर चढलं. माझ्या बाजूची घरघर विझत गेली. वैमानिकाने शांतपणे सांगितलं, डावं इंजिन बंद केलंय, एका इंजिनावरही विमान नीट उतरतं, तयारीसाठी समुद्रावरून एक फेरी मारतोय.

सगळ्यांनी पट्टे आवळले. तेवढ्यात मला एक बाई रडताना ऐकू आली, सावकाश, हेल काढून. मागे वळून पाहिलं तर कोणीच रडत नव्हतं. मग ते रडणं मध्येच तुटलं.

चाकं दणकन टेकली. शेजारून अग्निशमनच्या गाड्या धावत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्समध्ये फोन शोधत होते.

बाहेर येऊन घरी फोन केला, तर आईच हुंदके देऊ लागली. "आज पहाटे वाईट स्वप्न पडलं गं. राहवलं नाही. शेजारच्या काकांबरोबर उमरठला निरोप धाडला. रडून झाल्यावर खोटं म्हणून सांगायचं असतं, तेच ते विसरून आले! आता फोनही लागत नाही."

मी चिडले, आणि घाबरले त्याहून जास्त. तिथूनच जीप केली. माणगावला चहा घेतला, तो अर्धा टाकून निघालो. दासगावला सावित्री नदी दिसली, महाडला घरीसुद्धा थांबलो नाही. (पोलादपूरहून उमरठला एसटी आहे, पण फेऱ्या कमी, स्टँडवर आधी चौकशी करा.)

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या ओटीवर, भोवती बायका. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. मीही खाली पाहिलं. पाय सरळच होते.

"आलीस गो," आत्या म्हणाली. "मना ठावं व्हतं."

"आत्या, बातमी खोटी होती गं."

"रडाय बसले, आन मधीच रडं थांबलं. म्हनलं, पोर जित्ती हाय. अर्धंच रडले मी. बाकीचं ऱ्हायलं."

सुहास हसला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

महाडला परतून आता बराच काळ झाला. सिमल्याचे फोटो कपाटात आहेत, ते कोणी बघत नाही. कुठे लांब निघाले की मी उमरठला फोन करते. आत्या दर वेळी विचारते, "बाकीचं रडू का गो?" पहिल्यांदा मी हसून नको म्हणाले होते.

परवा पुन्हा विमानाचं तिकीट काढलं. आत्याने विचारलं, आणि मी म्हणाले, "रड."